शेंदूर लागलेल्या सरफेस प्लेटीबाबत

प्रति,
मेहेरबान सुपरिंटेंडेंटसाहेब,
सावित्रीकाठ उद्योगशाळा, महाड, जिल्हा कुलाबा

विषय : सरफेस प्लेटीचा देव झाल्यामुळे काम अडल्याबाबत.
संदर्भ : मला बडतर्फ का करू नये, अशी आपली कालची नोटीस.

महोदय,

१) भातगिरणीच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह आठ दिवसांत बसवला नाही तर घरी जा, असं आपण लिहिलंत. व्हॉल्व्हची सपाटी ज्या बिडाच्या पाटीवर तपासतात, ती सरफेस प्लेट मी मुंबईहून गलबतानं आणवली आणि पाणसळीनं पातळी साधून तीन टेकूंवर बसवली. तीनच, कारण तिनांवर पाटी डुगडुगत नाही. चौथा घातला की पीळ बसतो. शिपाई भिकू म्हणाला, "तीन पायांवर चूल असते मिस्त्री, सरकारी वस्तू नाय." मी जेवायला गेलो की तो चौथ्या कोपऱ्याखाली धोंडा सारी. मी येऊन काढी. असं पाच वेळा झालं.

२) व्हॉल्व्ह पाटीवर घासला की त्याचे उंचवटे रंगून कळावेत म्हणून पाटीला तेलात कालवलेला शेंदूर लावतात. मी लावला आणि हात धुवायला विहिरीवर गेलो. एवढीच माझी चूक. परत येतो तो पाटीवर तांदूळ, जास्वंद, आणि शेजारची ठमाबाई कोपऱ्यावर नारळ आपटतेय. केसाएवढा फरक जिथं चालत नाही, साहेब, तिथं नारळ. मी म्हटलं, "बाय, हे लोखंड हाय." ती म्हणाली, "लोखंड तर लोखंड. शेंदूर कोनी लावला रे? तूच ना?"

३) आता तिथं उदबत्तीची राख, नारळाचं आंबलेलं पाणी, मुंग्या आणि कुजक्या फुलांचा वास. पाटीला अकरा खड्डे. रॉकेलनं पुसायला गेलो तर देव बाटवला म्हणून भिकूनं माझा पाना लपवला. सोमवारी आपण तपासणीला आलात, बूट काढलेत, हात जोडलेत आणि शेऱ्यात 'जागा पवित्र व नीटनेटकी' असं लिहिलंत. मला शिसारी आली.

४) गिरणी चालू व्हावी म्हणून लोकांनी त्याच पाटीला नवस बोललाय. चालू झाली तर पाटीची कृपा, नाय झाली तर माझा हलगर्जीपणा.

सबब विनंती की, नोटीस पाटीच्या नावे फिरवावी. आपल्या सामानाच्या रजिस्टरात तिची नोंद आहे, तेव्हा जबाब देणं तिला भाग आहे. ते कायद्यात बसत नसेल तर नवी पाटी आणि खोलीला कुलूप द्यावं. चार दिवसांत व्हॉल्व्ह बसवून दाखवतो. या खेपेला शेंदराऐवजी काजळी लावीन. काजळी फासलेल्यापुढं अजून तरी कुणी नारळ फोडलेला मी पाहिला नाही.

आपला आज्ञेतला व विटलेला,
सयाजी रावजी उतेकर, मिस्त्री
महाड, ता. १६ नोव्हेंबर १९३२

सोबत : पाटीवरून खरवडलेलं खोबरं, पुडी एक. पुराव्यादाखल आहे, प्रसाद समजून खाऊ नये.