समेवरच्या तीन टाळ्या

बाई, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज सकाळी हेडफोन लावून मी तुमची टाळी ऐकली. एक नाही, तीन. आमच्या बँडचा तो दौऱ्यातल्या कार्यक्रमांचा अल्बम तुम्हाला आठवत असेल. "तुमचं ते जॅझ की काय ते," म्हणायचात तुम्ही. तो आता नव्याने निघतोय, म्हणून आमच्या रेकॉर्डिंगवाल्याने जुने मूळ ट्रॅक पाठवले. सॅक्सोफोनचा वेगळा, ड्रम्सचा वेगळा, माझ्या तबल्याचा वेगळा आणि एक नुसत्या प्रेक्षकांच्या माइकचा. तो माइक स्टेजच्या काठावर होता, पहिल्या रांगेत बसलेल्या तुमच्या अगदी समोर. त्यात आमचं वाजवणं शेजारच्या घरातून आल्यासारखं लांबून येतं आणि तुम्ही मात्र जवळ. टाळीच्या आधी वैतागून केलेलं "हं"सुद्धा ऐकू येतं. मी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं.

त्या "हं"मागोमाग तुमचं सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर आलंच. तुम्ही शाळेत गणित शिकवून घरी आलेल्या, शिकवणीला आलेली मी बाहेरच्या खोलीत तबल्यावर कायदा वाजवतेय, तुम्ही आत पोळ्या लाटताय. लाटणं थांबतं. "चौथी मात्रा खाल्लीस. घरून जेवून येत नाहीस का?" मग पिठाच्या हातांनीच बाहेर येऊन तुम्ही ताल धरायचात आणि प्रत्येक टाळीला पीठ उडायचं. माझ्या काळ्या ओढणीवर ते पडायचं आणि कात्रजच्या बसमध्ये मी ते झटकत बसायचे. पुढे मी बँडमध्ये गेले तेव्हा आई-बाबांनी घर डोक्यावर घेतलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "वाजव कुणाबरोबरही. समेवर ये म्हणजे झालं."

आणि नेमकी तुमच्यासमोरच मी समेवर आले नाही. दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम पुण्याचा होता. अकरा मात्रांची रचना, सॅक्सोफोनवाला रंगात आलेला, आणि मध्येच मी आणि ड्रमवाला एका मात्रेने मागेपुढे झालो. कोण चुकलं ते आजही सांगता येणार नाही, म्हणजे मीच असणार. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. आमचं ऐकायला आलेली मंडळी डोळे मिटून डोलत होती. तेवढ्यात टाळी पडली. अकरा मात्रांनी पुन्हा पडली. तिसऱ्या टाळीला आम्ही दोघं बरोबर समेवर आलो आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. भर कार्यक्रमात तुम्ही मला शिकवणीतल्यासारखं हाताला धरून आणलंत. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला भयंकर लाज वाटली.

अल्बम तयार होताना मीच रेकॉर्डिंगवाल्याला सांगितलं की तेवढ्या भागात प्रेक्षकांचा माइक बंद करा. त्याने केला. लोकांनी पुढे त्याच जागेचं कौतुक केलं. दोन वाद्यं मुद्दाम दूर जातात आणि पुन्हा भेटतात, केवढं धाडस वगैरे. मी मान डोलावली. पहिली सीडी घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही उपम्याला फोडणी देत होतात. गॅस बारीक करून, मांडीवर ताल धरून तुम्ही ऐकत राहिलात. ती जागा आली तसा तुमचा हात वर गेला आणि तिथेच थांबला.

"टाळी कुठे गेली गं?"

"प्रेक्षकांचा माइक नीट चालला नाही, बाई."

"असं होय. मशीनचा दोष." आणि तुम्ही उठून उपमा हलवायला गेलात. मला दोनदा वाढलात. नंतर त्यावर अवाक्षर काढलं नाहीत, आणि चार महिन्यांनी तुम्ही गेलातच.

आता कात्रजच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते. बँड कधीचा मोडला. रोज सकाळी तबल्यावर बसते, बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत. परवा रियाजात मात्रा खाल्ली आणि सवयीने थांबले, आतून काहीतरी ऐकू येईल म्हणून. फ्रिज तेवढा घुरघुरत होता. बाई, मी चुकले तर कळणारं माणूस आता या शहरात एकही नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

मघाशी रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आला. "त्या तीन टाळ्या या वेळी ठेवू या का? भारी आहेत, एकदम समेवर." मी ठेवा म्हणाले. तो खूश झाला. "कुणाच्या आहेत? माहीत असेल तर कव्हरवर नाव टाकतो." नाव सांगायचं तर टाळी का द्यावी लागली तेही सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "प्रेक्षकांतलं कुणीतरी असेल."

त्यानंतर त्याला परत लावायला दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. मग वही ओढून तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही काही विचारणार नाही.