जाळीच्या लेखावरचा मथळा

इंदिरानगर, मे २००३, मंगळवार

एवढा संताप बऱ्याच वर्षांत आला नव्हता. पेपरातल्या माझ्या विज्ञानाच्या सदरात मी सरळ लिहिलं होतं: पेशीच्या केंद्रकाला आतून प्रथिनांची जाळी धरून ठेवते; पेशीचे दोन भाग होताना ती विरघळते आणि मग दोन्हीकडे पुन्हा विणली जाते. त्यातलं एक प्रथिन बिघडलं तर मूल लहानपणीच म्हातारं होतं. सापडलंय ते फक्त हे कारण. वृत्तसंपादकांनी मथळा दिला, ‘अकाली म्हातारपणावर औषध!’

आज नांदगावहून एक बाप ते कात्रण घेऊन ऑफिसात आला. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, चेहरा आजीबाईचा.

“साहेब, हे औषध नाशकात भेटंल का?”

“औषध नाही हो अजून. नुसतं कारण कळलंय.”

“मंग हे मोठ्या अक्षरात काय लिव्हलंय?”

काय सांगणार? ती मोठी अक्षरं माझी नाहीत, हे?

मागून वृत्तसंपादक म्हणाले, “आलेच आहेत तर मुलीचा फोटो घ्या. रविवारी छान जाईल.”

मी नको म्हणेपर्यंत बापाने तिच्या डोक्यावरची टोपी सरळ केली.

“फोटो छापला तर औषध लवकर निघंल ना, साहेब?”