सुईनं काढलेल्या रेघा

आबा, तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि मी आता काय काम करते ते तुम्हाला ठाऊकच नाही. आज कन्हेरीला आईकडे आलेय. जेवून ती आडवी झालीय. मला झोप येत नाही, म्हणून लिहून सांगते.

कार्बनचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा असतो, ग्राफीन म्हणतात त्याला. असे दोन पापुद्रे एकावर एक ठेवून वरचा जेमतेम एखादा अंश फिरवायचा. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर पडल्या की मोठी नक्षी दिसते, तशी तिथं उमटते. त्या नक्षीत इलेक्ट्रॉन मंदावतात, जागोजागी गोळा होतात. कुठं गोळा होतात, याचं चित्र काढायचं हे माझं काम. एक टोकदार सुई पापुद्र्याला न टेकवता अगदी जवळून फिरवायची आणि तिच्यातून वाहणारी बारीकशी वीज मोजत चित्र भरत जायचं. पुण्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं हेच चाललंय.

गेल्या वर्षी चित्रात पट्टे दिसले. इलेक्ट्रॉन रांगेत उभे राहिल्यासारखे. असं कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही शोधनिबंध लिहिला, तो स्वीकारला गेला, पेढे वाटले. मग माझ्या सहकारी बाईंनी सुई बदलून तीच जागा पुन्हा पाहिली. पट्टे नव्हते. जुन्या सुईचं टोक दुभंगलं होतं. रेघा तिच्याच होत्या. आमचे प्रमुख म्हणाले, "राहू द्या. दोन वर्षं तरी कुणी तपासणार नाही." मी निबंध मागे घेतला.

त्या दिवशी मला कारखान्यातले तुम्ही आठवलात. तुम्ही साखरेच्या पॅनवर, पाक आटवायच्या मोठ्या भांड्यापाशी. मी बारा वर्षांची, डबा घेऊन आलेली. उकळत्या पाकाचा थेंब काचपट्टीवर घेऊन तुम्ही उजेडाला धरता, कपाळाला आठी. खोटा दाणा पडलाय, भुकटीसारखा, तुमच्याच हातून. कुणी विचारलेलं नसताना तुम्ही जाऊन केमिस्टसाहेबांना सांगता. ते चारचौघांत वाट्टेल ते बोलतात. तुम्ही मान खाली घालून पाणी सोडता, दाणा विरघळवता, सगळं पहिल्यापासून.

त्या रात्री घरी आई तुमच्यावर चिडली. "गप बसला असता तर कुणाला कळनार हुतं?"

"मला कळलं हुतं की," तुम्ही म्हणालात.

मी विचारलं, "आबा, तुमाला लाज न्हाय वाटली?"

"वाटली तर. जेव आता."

निबंध मागे घेतल्यावर लोकांचे फोन आले. बावड्याच्या मामांनाही कुठून कळलं. "आबांची पोरगी शोभतीस," म्हणाले. मी फोन ठेवला. फार थकलेय, आबा. यंत्रासमोर बसलं की हात चालत नाही. सहकारी बाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांचंही तीन वर्षांचं काम त्या निबंधाबरोबर गेलं.

हे पत्र घडी करून पर्समध्येच राहील. आईला वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. निबंध पाठवायच्या आधीच मला त्या सुईची शंका आली होती. नवी सुई खणात होती. मी खण उघडला नाही.