गाड्या थांबतात, हीच तक्रार

थोरले बंधू कॉर्नेलियस गिलहुली यांस धाकट्या नोरीनचा नमस्कार आणि आपल्या गुडघ्याची आदरपूर्वक चौकशी.

दादा, बरा आहेस ना? (पत्रभर अहोजाहो करायचं ठरवलं होतं, पण एका ओळीतच दम लागला.) लॉरेनसारखी गुणी लेक जवळ आहे म्हणजे जेवणाची आबाळ नसणार. तीन गल्ल्यांवर राहून पत्र लिहिते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

इकडे माझी नोकरी जायची वेळ आली आहे. एकोणीस वर्षं मी नोरिएगा स्ट्रीटच्या शाळेसमोर, झेब्रा क्रॉसिंगवर ‘थांबा’ची पाटी धरून उभी आहे. आता महापालिकेचं म्हणणं असं, की बिनड्रायव्हरच्या टॅक्स्या माणूस दिसला की आपणहून थांबतात, मग ही बाई कशाला? मंगळवारी फाम नावाचे साहेब वही घेऊन आले. म्हणाले, “न थांबणारी एक गाडी दाखवा, तुमची जागा राहील.”

मी म्हटलं, एक कशाला, डझनभर दाखवते. आणि त्या मेल्या टॅक्स्या थांबल्या की रे! मुलं पलीकडे जाऊन वर्गात बसली तरी पहिली हलेना, कारण मी कडेला उभी. मी हातानं खुणावलं, जा बाई. तिला खूण कळेना. (आपल्यात ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ होतं आणि शेवटी कोणीतरी लाज सोडून निघतं. हिच्यात ती सोयच नाही.) मी मागे सरकले की ती वीतभर पुढे यायची, आता जाते का बघायला मी वाकले की पुन्हा ठप्प. मागे रांग लागली, अकरा टॅक्स्यांची. बेकरीवाल्या क्वानबाई आतल्या उतारूंना अंड्याचे टार्ट विकू लागल्या. शेवटी साहेबांनी मला झाडामागे लपायला सांगितलं. लपले, पण झाड बारीक आणि मी तशी नाही. जेवढी बाहेर उरले, तेवढ्यासाठीही ती टॅक्सी थांबून राहिली. आपल्या घरात इतका मान मला कधी मिळाला नाही, खरंच डोळे भरून आले.

तेवढ्यात समोरून एक जुनी हिरवी गाडी आली आणि पट्ट्यांवरून सुसाट निघून गेली. साहेब वहीत मान घालून होते. वर बघेपर्यंत रस्ता मोकळा. त्यांनी नंबर विचारला. मी म्हटलं, धुक्यात दिसला नाही. (लख्ख ऊन होतं.) शुक्रवारी ते शेवटचे येणार आहेत. तेव्हाही न थांबणारी गाडी दिसली नाही, तर पाटी जमा करायची.

तुझी बहीण,
नोरीन

ता. क. नंबर मला पाठ आहे. नाताळात ती गाडी मीच धुतली होती. दादा, तू मान वळवूनसुद्धा बघितलं नाहीस. पाव तास आधी तिथं चौदा मुलं होती. आता गाडीची किल्ली लॉरेनकडे देऊन टाक, मी पाया पडते.

ता. क. दुसरा. किल्ली शनिवारी दे. शुक्रवारी साडेनऊला, मुलं वर्गात गेल्यावर, एकदा ये. कडेला मी एकटीच असेन. माझ्यासाठी थांबू नकोस, पण जरा सावकाश जा. साहेबांना नंबर नीट लिहून घेता आला पाहिजे.