बिनगांजाची बॅच

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकले की हल्ली उठताना टेबल धरावं लागतं).

तुमची आणि मामींची तब्येत उत्तम आहे असं मी धरून चालले आहे. काही बिनसलं असतं तर मामींनी फोन करून अर्धा तास सांगितलं असतं, आणि सगळं ठीक असलं की तुम्ही दोघंही फोन उचलत नाही. म्हणून हे पत्र. संख्याशास्त्र शिकवणं सोडून तुम्हाला सहा वर्षं झाली, तरी भाजी निवडतानाही तुम्ही सरासरी काढता, असं मामी म्हणतात. चांगलं आहे. सवय ठेवा.

तुमची भाची गांजा विकते असं नात्यात पसरलंय, ते तुमच्याही कानावर आलं असेलच. खरं आहे. फक्त तो बाटलीतून, थेंबांच्या रूपात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि दोन कुलपांच्या कपाटातून विकते (एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मालकांकडे; मालक जेवायला गेले की अख्ख्या पेठेचं दुखणं दीड तास थांबतं). गेल्या वर्षी आमच्या औषधाच्या दुकानाला या तेलाचा परवाना मिळाला आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की ते किती घ्यायचं हे कोणालाच ठाऊक नाही. बाटलीवर लिहिलंय, डॉक्टरांच्या सल्ल्याने. डॉक्टर म्हणतात, दुकानातल्या बाई सांगतील. दुकानातल्या बाई म्हणजे मी. मी कंपनीला विचारलं, तर तिथला टाय लावलेला मुलगा म्हणाला की प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. या तेलाचे नीट प्रयोग कुठल्या दुखण्यावर झालेत, असं मी लेखी विचारलं. उत्तरादाखल एक छत्री आली. पुन्हा विचारलं, तर भिंतीवरचं घड्याळ आलं. तिसरं पत्र मी मुद्दाम टाकलं नाही, दुकानात जागा नव्हती.

मग मीच वही घातली. कोणी, कशासाठी, किती थेंब, काय फरक. एकतीस माणसं झाली. आमचे निवृत्त बँडमास्तर कंबरेसाठी घेत. दहा दिवसांत त्यांनी काउंटरसमोर वाकून बुटाची नाडी बांधून दाखवली (आणि त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या तिघांनी तिथल्या तिथे तेच तेल मागितलं). आमच्या सासूबाई गुडघ्यांसाठी घेत, आणि थेंब पडले की जिना चढून थेट गच्चीवर जाऊन शेजारणीशी भांडून येत. वहीत नुसतं कौतुक भरत होतं. मी खूश होते. आपल्या हाताला गुण आहे, असंसुद्धा एकदा मनात येऊन गेलं, ते तुमच्यापासून लपवत नाही.

आणि मग कंडक्टरबाई आल्या. या बाई बसवर असतात आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला फिट येतात. बाकीची औषधं करून झाल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे तेल जोडीला दिलं होतं आणि फिट खूप कमी झाल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी नवी बाटली काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, औषध बदललंय."

मी म्हटलं, "बाटली तीच, लेबल तेच, झाकण तेच."

"मी रोज दहा तास माणसांची तोंडं बघते. कोणी तिकीट काढलंय आणि कोणी नाही, ते मला न विचारता कळतं. या बाटलीनं तिकीट काढलेलं नाही."

मामा, मी काय केलं सांगू? हसले. आणि टाय लावलेल्या मुलाचंच वाक्य त्यांना ऐकवलं, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, पंधरा दिवस थांबा. त्या थांबल्या नाहीत. दोन दिवसांनी घरातलं कॅलेंडरच काढून घेऊन आल्या. प्रत्येक फिटला त्या तारखेवर त्यांनी तिकिटाच्या पंचने भोक पाडलं होतं. आधीच्या महिन्याच्या पानावर चार भोकं. या महिन्याच्या पानाची चाळण झाली होती. त्यांनी ते उजेडात धरलं आणि माझ्या टेबलावर कवडशांचा सडा पडला. एकोणीस मोजले.

मग मात्र मी फोन धरला तो सोडलाच नाही. कंपनीला बॅच नंबर सांगितला, औषध निरीक्षकांकडे तक्रार टाकली, आणि मुलीसाठी जुन्या बॅचची एक बाटली तीन दुकानं पालथी घालून मिळवली. पाचव्या दिवशी कंपनीनं कबूल केलं, त्या बॅचमध्ये गांजाचा अर्क घालायचाच राहिला होता. सहा आठवडे आम्ही नुसतं खायचं तेल ड्रॉपरनं मोजून देत होतो!

बाटल्या परत घ्यायला मी एकतीस घरी फोन केले. त्यांपैकी बावीस जणांनी त्याच सहा आठवड्यांत मला छान बरं वाटत असल्याचं सांगितलं होतं. बँडमास्तर म्हणाले, "तुमची चूक असेल, माझ्या कंबरेची नाही." सासूबाईंनी तर बाटली उशीखाली लपवली आणि गांजा असलेली नवी बाटली पाहून नाक मुरडलं, हिला तो गुण नाही म्हणाल्या. आणि ती मुलगी? खऱ्या बाटलीवर महिन्याभरात भोकं तीनवर आली. कंडक्टरबाई ते पान घेऊन आल्या आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या. मागे रांग वाढत गेली, पण कोणीही घाई केली नाही.

तुम्ही लगेच म्हणाल, एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. तेच तर म्हणतेय मी! तेल थोतांड आहे म्हणावं तर ती मुलगी आहे, रामबाण म्हणावं तर बँडमास्तर आहेत. कोणाला लागू पडतं, कोणाला नाही, किती थेंबांनी, याचा शोध कोणी घेतच नाही. विक्री मात्र धावतेय. आता परवाना समिती आणखी चाळीस दुकानांना परवाना देणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की विक्रीसोबत नीट प्रयोगही सुरू करा, नाहीतर पुढची कोरी बॅच पकडायला दर वेळी कंडक्टरबाई कुठून आणणार?

असो. पत्र लांबलं. तुम्हाला उगाच त्रास द्यायचा नाही, मन मोकळं करायचं होतं, बाकी काही नाही. मामींना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक भाची,
बारकी

ता. क. वहीची नक्कल सोबत आहे. सहज चाळा. चष्मा लावून चाळा.

ता. क. २. समितीपुढे मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत, पण सोबत एक संशोधक हवा अशी अट आहे. अर्जात तुमचं नाव घातलंय. सही मीच केली. शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांच्या सहीच्या जागी तुमची सही मी चार वर्षं केली आहे, त्यामुळे हात बसलेला आहे.

ता. क. ३. हे पत्र घेऊन आलेले गृहस्थ टपाल खात्यातले नाहीत. ते खाली गाडी सुरू ठेवून थांबलेत. बैठक आज अकराला आहे. मामींना सगळं आठवडाभर आधीच ठाऊक आहे, तुमचा इस्त्रीचा शर्ट दाराच्या मागे टांगलेला असेल.