उजव्याची तक्रार नाही

रवि., ४ जाने.
बुटांची खरी किंमत आज मांडली. चिठ्ठीवर आहे ती दुकानदाराची, ती सोडून द्या. माझी अशी: डाव्या करंगळीचं नख. अख्खा रविवार, कारण रस्त्याकडेला बसून बूट काढावा लागला आणि मंडळी पुढे निघून गेली. बायकोशी, मंदाशी अबोला, कारण ती म्हणाली, "सायकलला पाय लागतात का बूट?" आणि मी नको ते बोललो. शिवाय डुमस रोडच्या सिग्नलवर उभ्या उभ्या आडवा झालो, पाय पॅडलमधून सुटेना, त्याची लाज. शेजारचा रिक्षावाला: "काका, लोग चलती साइकल से गिरते हैं. आप खड़ी से?"

खटक्याचे बूट आहेत. तळव्याखाली खटका, तो पॅडलमध्ये खट् बसतो आणि माणूस नि सायकल एक होतात. असं जिग्नेशभाई सांगतात. आमच्या सायकल ग्रुपचे म्होरके. सुताचे व्यापारी, वयाने माझ्यापेक्षा लहान, पोटाने थोर. "पाटीलभाई, शूज तो टाइट ज होय. टाइट नथी तो पावर नथी."

टाइट आहे तो डावा. उजव्याची तक्रार नाही. उजवा असा बसलाय की घातलाय हेसुद्धा कळत नाही.

मंगळ., ६
उधन्याला मोच्याकडे. डावा साच्यावर चढवून सैल करायला दिला. तो म्हणाला, "दूसरा भी दे दो सेठ, जोड़ी है." म्हटलं, त्याला हात नाही लावायचा, तो माझ्या पायावरच शिवलाय.
सेठ म्हणाला. ज्या रस्त्याने मागावरची पाळी संपवून डबा हलवत जायचो त्याच रस्त्यावर. बरं वाटलं, का खोटं बोलू.

गुरु., ८
उजव्या बुटाच्या खटक्याचा एक बोल्ट कुठेतरी पडला. दुकानात फोन केला तर पोरगी म्हणते, "काका, आखो सेट मंगाववो पडशे." अख्खा सेट मागवायचा म्हणे, येईल तेव्हा येईल. मग रविवारी मी काय करू?
पांडेसऱ्याला माझ्या मागांच्या कारखान्यात गेलो. भंगाराच्या डब्यात हात घातला, मागाचा बोल्ट काढला, आटे जुळले. थोडा लांब वाटला. लांब तर लांब, धरून तरी बसेल. स्वतःच्या हाताने कसला. परदेशी बुटात पांडेसऱ्याचा बोल्ट! जि.भाईंना फोटो टाकला, त्यांनी नुसते हात जोडले.

कोपऱ्यातला माग लंगडत होता. दारातूनच ऐकू आलं. मुकादम गोपाळला सांगितलं तर म्हणे, "कुठे काय?" त्याचा काय दोष. आमच्या वयाचे सगळे कारागीर कानाने गेले. हातवारे करतात, ओठ वाचतात. मी पहिल्या पाळीपासून कानात चिंध्या कोंबल्या. हसायचे सगळे: "कानमा लुगडं घालं का रे?" घाला म्हटलं लुगडं. आज शेजारच्या फ्लॅटमध्ये दूध उतू गेलं तरी मला ऐकू येतं. मं. म्हणते, म्हणूनच शेजारीण आपल्याशी बोलत नाही.

रवि., ११
हजीरा रोड. थंडी, धुकं. मागून येणारा ट्रक भरलेला की रिकामा हे मी न वळता सांगतो, त्यामुळे ग्रुप माझ्या आजूबाजूला राहतो. डावा सैल झालाय पण अजून चावतो. उजवा स्वर्ग. नंतर जिलेबी, फाफडा, वर पोंकवडे. जि.भाईंनी जाहीर केलं, पुढच्या महिन्यात सापुतारा, घाटाने. पहिला हात माझा.

त्याच दिवशी, दुपार
अक्षर वाईट येतंय. येऊ दे.
घरी आलो. बूट-मोजे दारात काढले, काळे मोजे, बघितलंही नाही. आत जाऊन पाणी प्यायलो, चहा मागितला, सापुताऱ्याचं सांगायला लागलो. मं. ओरडली, "पान खाऊन आलात? घरात थुंकलात?" म्हटलं, मी आणि पान? ती बोट दाखवत होती फरशीकडे. पांढऱ्या फरशीवर लाल डाग. दारापासून ओट्यापर्यंत. एका आड एक पावलाचे. फक्त उजव्या.
डागांच्या शेवटाला मी उभा. हातात चहा.

तिने खुर्चीत बसवलं. पाय उचलून मांडीवर घेतला. चवड्याखाली भोक. तिचा चेहरा पांढरा झाला. माझं म्हणणं एकच, अगं पण दुखत नाहीये. तिने मग पदराची पिन काढली. "तिकडे बघा." कपाटाकडे बघत बसलो. बराच वेळ. म्हटलं, लाव ना.
"लावली."
कधी?
"काढली पण."

बूट आणला. आत हात घातला. गादी फाडून बोल्टचं टोक वर आलेलं. हाताला टोचलं, लगेच कळलं. हाताला कळलं.
माझाच बोल्ट. सकाळभर त्याच्यावर उभा राहून पॅडल मारलं. आणि जिलेबी खाल्ली.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पट्टी. उद्या मोठ्या डॉक्टरकडे.

सोम., १२
डॉक्टर तरुण, गुजराती, हळू बोलणारा. दोन्ही पाय उघडे ठेवून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, उजवी करंगळी बघितली का? नाही बघितली. उजव्याचं नखही काळं, बोटं डाव्यासारखीच ठेचलेली. दोन्ही बूट सारखेच तंग होते म्हणे. डावा बोंबलत होता, उजवा गप्प होता. आणि मी शहाणा डाव्याला साच्यावर देत होतो.

"पग बहेर मारी गयो छे, काका."
मी हसलो. म्हटलं, बहिरा? पाय? आमच्याकडे माणसं बहिरी होतात, आणि मी तर त्यातून वाचलेला. तो हसला नाही. आपल्यात बधिर म्हणतात ना, तेच. इंजेक्शनने करतात ते. आणि कानाने होतात तेही. एवढी वर्षं एकच शब्द दोन्हीला वापरत आलो, कधी थांबून बघितला नाही.

खणातून एक चिमटा काढला, लोखंडी, दोन दांड्यांचा. टेबलावर आपटला, घुमायला लागला. उजव्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. थांबला की सांगा. मी आपला, चालू आहे, चालू आहे, अजून चालू आहे... त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "कानथी नहीं काका. पगथी." दोन्ही कानांवर मं.ला हात ठेवायला लावले. पुन्हा टेकवला.
काही नाही. लोखंडाचा थंडपणासुद्धा नाही.
डाव्यावर टेकवला तेव्हा लांब कुठेतरी गुणगुण. डावाही निम्मा गेलाय. पण ऐकतोय अजून.

रक्ताचा कागद आला. साखर. आकडा लिहीत नाही. मं.ने दोनदा विचारलं, हे याच माणसाचं ना?
किती वर्षांपासून असेल? डॉक्टर म्हणाला, बरीच. कळलं नसेल.
घरात कोणाला आहे का? छाती काढून सांगितलं, कोणालाच नाही! आमच्या वडिलांनी, अण्णांनी, जन्मात गोळी खाल्ली नाही, दवाखान्याची पायरी चढले नाहीत. अनवाणी शेत तुडवलं. आमचं हाड वेगळं आहे. त्याने ते लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारी पट्टी उघडून पायाच्या हाडाचा फोटो काढणार. हाडापर्यंत गेलं नसेल तर भरून येईल. गेलं असेल तर बोट काढावं लागेल. मं. म्हणाली, एक बोट ना? तो म्हणाला, "शरुआत आंगळीथी थाय."


बुध., १४ — उत्तरायण
गच्चीवर खुर्ची, समोर स्टुलावर पाय. चहूकडे "काप्यो छे!" आणि लाउडस्पीकर. एरवी मी मांजा धरला की तीन सोसायट्या गप्प. आज फिरकी धरून बसलो, तीही मं.ने काढून घेतली. "पायात दोरा अडकला तर तुम्हाला कोण सांगणार आहे?"

जि.भाई उंधियू आणि चिक्की घेऊन आले. चिक्की मं.ने माझ्या हातातून परस्पर डब्यात टाकली. त्यांना सगळं सांगितलं. बोल्ट, पिन, चिमटा. मोठ्याने हसत होते, पिनेपाशी थांबले. मग बराच वेळ पतंग बघत होते. जाताना जिन्याच्या दाराशी थांबून हळूच म्हणाले, "पाटीलभाई, मारा तो बेउ मस्त फिट छे."
दोन्ही बूट फिट म्हणाले आणि स्वतःच्या पायांकडे बघायला लागले.
मं.ने पदराची पिन काढली. जि.भाई जिना उतरून पळाले. मी हसलो. सोमवारनंतर पहिल्यांदा. 

शुक्र., १६
डॉक्टर अनवाणी चालू नका म्हणाला होता. आज मोडलं ते. सांगितलं नाही कोणाला.
कारखान्यात मागांखालची जमीन थरथरते. पायाला सवय झाली की तळव्यातून कळतं कुठला माग नीट चाललाय, कुठला अडखळतोय. कान भरलेले असायचे चिंध्यांनी, मग पायानेच ऐकायचो. याच्यावरच मी कारागिराचा मुकादम झालो, मुकादमाचा मालक. पट्टी चवड्याला आहे, टाच उघडी. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे माग सुरू झाले, दारामागे गेलो, चपला काढल्या.

डावी टाच ठेवली. आहे. सगळा कारखाना आहे.
डावी उचलून उजवी ठेवली.
सुट्टी झाल्यासारखं. समोर सगळे माग धडधडताहेत, सूत घेऊन धोटे पळताहेत, कानाला फाडफाड ऐकू येतंय, आणि खालून... बंद. आधारासाठी भिंत धरली. भिंतही थरथरत होती. हाताला.

गोपाळने पाहिलं. लांबून हातानेच विचारलं, काय झालं? मी हातानेच सांगितलं, काही नाही. त्याला शब्द लागत नाहीत. खुर्ची आणून ठेवली, चपला उचलून पायाशी ठेवल्या, गेला.

शनि., १७
ग्रुपवर सापुताऱ्याची नावं मागितलीत. माझं नाव जि.भाईंनी घातलंय, पुढे प्रश्नचिन्ह. काढलं नाही मी. घातलंही नाही.
सकाळ-संध्याकाळ मं. आरसा घेऊन माझे तळवे बघते. स्वतःच्या चेहऱ्याला एवढा आरसा लावला नसेल तिने. आज म्हणाली, कडेने लाल दिसतंय. काल होतं का? तिला आठवेना. मला तर काय विचारायचं.

रवि., १८
पहाटे जाग आली, सवयीने. खालून एक सायकल गेली, साखळीला तेल हवंय तिच्या.

गावी मायला फोन लावला. सांगणार नव्हतो, आवाजावरून तिने ओळखलं. म्हटलं, पायाला लागलंय, कळलंच नाही. ती एकदम म्हणाली, "तुना बापनं बी असंच व्हतं."
काय असंच?
"काटा भरना व्हता. त्याले समजनंच नही. मंग पाय काया पडना."
मला तेव्हा कळवलं होतं तापाने गेले म्हणून. "ताप बी व्हता ना," माय म्हणाली. मी विचारलं, पाय काळा पडेपर्यंत दवाखान्यात कसं नाही नेलं? "मी म्हने चला. त्यो म्हने दुखस नही, मंग कसाले जानं?"
मी स्वतःच्या पट्टीकडे बघत बसलो. तिला वाटलं फोन तुटला. हॅलो, हॅलो करत राहिली.
मग विचारलं, माय, अण्णांची साखर कधी तपासली होती?
"कसानी साखर? चहानी?"

मं. बाजूला उभी होती. तिने फोन घेतला, मायला समजावून सांगितलं, मग एकेकाची साखर विचारत बसली. काकांची? आत्याची? मोठ्या भाऊंची?

उद्या सकाळी पट्टी उघडणार. डॉक्टरांना दिलेल्या माहितीत दुरुस्ती सांगायची आहे: आमच्या घराण्यात साखर कोणालाच नाही असं नाही. कोणाची तपासलेलीच नाही.