वयाइतके नमस्कार

प्रिय दादा,

उद्या मला साठ पूर्ण होतात. आपल्या घरात साठ पूर्ण होणं म्हणजे साठ सूर्यनमस्कार, हे तुला सांगायला नको. तुला जाऊन अकरा महिने झाले. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय. कारण आज दुपारी वहिनींनी मला पकडलं. आणि मला उद्याची भीती वाटतेय, दादा. फार भीती वाटतेय.

नानांचा नियम! वाढदिवसाला जितकं वय तितके नमस्कार. दहाव्या वर्षी दहा, विसाव्या वर्षी वीस. एकानं घालायचे, दुसऱ्यानं मोठ्यानं मोजायचे. मध्ये बोलायचं नाही, थांबायचं नाही. थांबलं की पुन्हा एकपासून. परभणीहून इकडे तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यात बिऱ्हाड आणताना नानांनी एक ट्रंक आणि हा नियम एवढंच आणलं, असं आई चिडवायची. तुझ्या वाढदिवसाला मी मोजायचो, माझ्या वाढदिवसाला तू. शेजारच्या गच्चीवरची माणसं तेलुगूत काहीतरी बोलून हसायची आणि आपण छाती काढून मिरवायचो.

पण एवढी साधी गोष्ट आपल्या डोक्यात कधी का आली नाही रे? शरीर उतरत जातं आणि आपला आकडा चढत जातो! नानांनी नियम केला तेव्हा ते चाळिशीत होते, आणि त्रेपन्नाव्या वर्षी काविळीनं गेले. साठीतला गुडघा, साठीतला दम त्यांनी पाहिलाच नाही. जे वय त्यांना कधी आलंच नाही, त्या वयातसुद्धा आपण त्यांचाच नियम पाळत बसलो. दोघंही चांगले शिकलेले!

तुला एकसष्ट पूर्ण झाली ती सकाळ मी कुणालाही नीट सांगितलेली नाही. चव्वेचाळिसाव्या नमस्काराला तू छाती टेकवलीस आणि उठायला उशीर केलास. मग, आयुष्यात पहिल्यांदा, मध्येच बोललास. ‘बाळू, डाव्या खांद्यात कळ येऊ लागली रे.’

आणि मी काय म्हणालो? ‘आता सतराच राहिले. थांबलास तर परत एकपासून!’ वर हसलो. हसलो मी, दादा!

तू सतरा पूर्ण केलेस. मी टाळ्या वाजवल्या. तू पायरीवर बसलास, पाणी मागितलंस. मी तांब्या घेऊन वर येईपर्यंत तू गेला होतास. अंत्ययात्रेत शेजारचे रहीमभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘क्या अच्छी मौत पाए भाईसाब, कसरत करते-करते!’ सगळेच तसं म्हणत होते. मी मान हलवत राहिलो. कळेची गोष्ट पोटात ठेवली ती ठेवलीच.

पण तूही कसं ऐकलंस माझं? थोरला होतास ना? एक ठेवून द्यायची होतीस कानाखाली! डॉक्टरांनी तुला दोन वर्षं आधीच सांगितलं होतं, आता चाला, हलकं करा, वयाप्रमाणे करा. घरी येऊन तू काय म्हणालास? ‘या डॉक्टरांना घाम माहीत नाही.’ आणि आपण दोघं खो खो हसलो होतो.

तू गेल्यावर चार महिने मी खुर्चीतून उठलो नाही. छातीत जरा काही हललं की मुठी आवळून बसायचो. साखर वाढली, गुडघे धरले. शेवटी माझी शोभा मला हाताला धरून विद्यानगरला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. तिथली पोरगी पंचविशीची असेल. खुर्चीवर बसवून पाय इंच इंच उचलायला लावते आणि म्हणते, ‘मेल्लगा अंकुल, मेल्लगा.’ हळू, हळू. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नानांचा मुलगा मी, आणि हा व्यायाम? पण गुडघा सुटला, खोटं कशाला बोलू.

मग शोभा लेकीच्या बाळंतपणाला बेंगळुरूला गेली आणि माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. साठ घालायचेच. एकट्यानं. पूर्ण झाले तर झाले. मध्येच काही झालं तर तेही बरंच, असंसुद्धा वाटलं. तुझ्यापुढे तोंड दाखवायला तरी जागा राहील! पंधरा दिवस पहाटे गच्चीवर चोरून घालतोय. परवा डोळ्यांपुढे अंधारी आली, पाण्याच्या टाकीचा पाइप धरून उभा राहिलो. तरी काल पुन्हा गेलो.

वहिनींची खोली गच्चीच्या बरोबर खाली आहे, हे मी विसरलो होतो. आज दुपारी त्या खाली माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत.

‘भावजी, काय करू लागलात हे?’

‘काही नाही, वहिनी.’

‘काल अठ्ठावीस मोजले मी. खालून.’

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. सगळं बोलून टाकलं. दादा थांबणार होता, मी थांबू दिलं नाही, म्हणालो. त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

‘माहीत आहे मला. चहा घेऊन जिन्यात होते मी. कळ म्हणालेलं ऐकलं. मोजणी तुटेल म्हणून तशीच खाली गेले.’

अकरा महिने, दादा! एकाच घरात, वर आणि खाली, दोघंही एकच गोष्ट गिळून बसलो होतो!

मी म्हणालो, ‘वहिनी, मला बोला. शिव्या द्या. काहीतरी करा.’

‘राग तर आहेच. तुमच्यावर आहे, माझ्यावर आहे, त्यांच्यावर तर फार आहे. पण ते निघून गेले. आता तुम्हीही गेलात तर मी रागवायचं कुणावर? नक्को भावजी. असं नक्को करू.’

मी लहान मुलासारखा रडलो. त्याही रडल्या. मग डोळे पुसून वर गेल्या.

आणि तरी, खरं सांगू? मन अजून ऐकत नाहीये. उद्या नाही घातले तर तुझे ते शेवटचे सतरा वाया गेले, असं वाटतं. थांबलो तर तुला तिथे एकटं टाकून आलो, असं वाटतं. काय करू मी? तू असतास तर काय सांगितलं असतंस? नको, नकोच सांगूस. तुझं उत्तर मला पाठ आहे, आणि ते चुकीचं आहे.

म्हणून वचन देतोय, ते वहिनींना. तू फक्त ऐक. मघाशी गच्चीच्या दाराची किल्ली त्यांच्या हातात देऊन आलो. उद्या सकाळी आम्ही दोघं बागेत चालायला जाणार, त्यांना झेपेल तितकं, मला झेपेल तितकं. पुढच्या वर्षी कमी झेपलं तर कमी. कुठे दुखलं की तिथल्या तिथे, मोठ्यानं सांगेन, रस्त्यावरची माणसं वळून बघेनात का. आणि वहिनींचा राग संपेपर्यंत तरी मी जगेन, दादा. तो संपायला पुष्कळ वर्षं लागोत.

तुझा धाकटा,
बाळू